लोगो मशीनवर चढवण्याआधी: व्यवसायाच्या लोगोचं भरतकाम कसं करून घ्यायचं

गेल्या महिन्यात एका नव्या डेअरीचे मालक आमच्याकडे आले. दुकानातल्या आणि घरोघरी दूध टाकणाऱ्या मुलांसाठी चाळीस कॉलरचे टी-शर्ट करायचे होते. लोगो मोबाइलमध्ये होता. हिरव्या गोलात उगवता सूर्य, पुढे गाय, गायीच्या गळ्यात घंटा, पायाशी गवत, खाली मराठीत डेअरीचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: 'शुद्ध आणि ताजं, रोज दारात'. सूर्याचा रंग पिवळ्यातून केशरीत मिसळत गेलेला. "हाच असाच्या असा छातीवर बसवा, तीन इंचात," ते म्हणाले.

दुकानाच्या बोर्डावर हा लोगो देखणा दिसतो. पण तीन इंचात घंटेचा नुसता ठिपका होतो, गवताचा गुंता होतो आणि खालची ओळ वाचताच येत नाही. कारण धाग्याला स्वतःची जाडी असते. छपाईचा ठिपका डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक असू शकतो. भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा धागा कापडावर साधारण ०.४ मिलिमीटर जागा घेतो, आणि शिवाय सुई जाईल तिथे कापडाला भोक पडतं. म्हणून लोगो नुसता लहान करून भागत नाही, तो कापडासाठी पुन्हा मांडावा लागतो. मी सोलापुरात गणवेशांवर भरतकाम करून देते. पहिल्यांदाच लोगो करून घेणाऱ्यांना आणि या कामात नव्याने उतरणाऱ्यांना उपयोगी पडेल असं, कामाच्या क्रमानेच, इथे लिहिते आहे.

आधी जागा आणि माप

लोगो कुठे येणार हे ठरल्याशिवाय डिझाइनला हात लावू नका. डाव्या छातीवरच्या लोगोची रुंदी साधारण ७५ ते ९० मिलिमीटर ठेवतात. कॉलरपाशी खांद्याची शिवण जिथे संपते, तिथून खाली १८ ते २० सेंटिमीटरवर लोगोचा मध्य घ्या. आडवा मध्य बटणपट्टी आणि बाहीची शिवण यांच्या बरोबर मधे. लहान मापाच्या शर्टाला हे अंतर थोडं कमी करावं लागतं, नाहीतर लोगो पोटाकडे सरकतो.

खिसा असेल तर लोगो खिशाच्या वर घ्या. खिशावरच हवा असेल तर शिंप्याला आधी सांगा. खिसा शर्टाला जोडण्याआधी सुट्या तुकड्यावर भरतकाम होतं. जोडलेल्या खिशावर मशीन चालवली तर खिसाच शिवला जातो.

टोपीवर रुंदीपेक्षा उंचीची अडचण असते. पुढच्या भागावर ५० ते ५५ मिलिमीटरपर्यंतच जागा मिळते, त्यामुळे उभट लोगो असेल तर त्याची मांडणी आडवी करून घ्यावी लागते. बऱ्याच टोप्यांना पुढे मधोमध शिवण असते. एखादी बारीक उभी रेघ नेमकी त्या शिवणीवर आली तर ती वाकडी दिसणारच.

पाठीवर मोठा लोगो हवा असं पुष्कळजण म्हणतात. माझं मत, पाठीवर छपाई करा. पंचवीस सेंटिमीटर रुंद भरीव भरतकाम पाठीला पुठ्ठ्यासारखं लागतं आणि उन्हात काम करणाऱ्या माणसाला ते दिवसभर अंगावर वागवावं लागतं.

काय ठेवायचं, काय काढायचं

माप ठरलं की लोगोची खऱ्या मापात काळी-पांढरी प्रिंट काढा. स्क्रीनवर मोठं करून बघण्यात अर्थ नाही. ती प्रिंट शर्टावर पिनने लावा, कोणाला तरी तो शर्ट घालायला सांगा आणि चार-पाच फुटांवर उभे राहून बघा. गिऱ्हाईक तुमचा लोगो तेवढ्याच अंतरावरून बघणार आहे. त्यानंतर मोजपट्टी घ्या. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आणि एक मिलिमीटरपेक्षा अरुंद फट अशा दोन्ही जागांवर पेनाने खुणा करा. बारीक रेघ एकतर तुटक येते किंवा दोऱ्यासारखी लोंबते. अरुंद फट दोन्ही बाजूंचा धागा फुगून बुजून जाते.

डेअरीच्या प्रिंटवर अशा तेवीस खुणा झाल्या. मालकांनी त्या स्वतः मोजल्या आणि मग बोलणं सोपं झालं. घंटा गेली, गवत गेलं, खालची ओळ गेली. गाय राहिली, पण तिच्या अंगावरचे ठिपके आठांचे दोन झाले. सूर्याची छटा काढून एकच पिवळा धागा घेतला. रंग एकमेकांत मिसळत नेणं धाग्याला अगदीच अशक्य नाही, दोन रंगांचे टाके विरळ करत एकात एक घालता येतात. पण त्याला मोठी जागा लागते, आणि छातीवरच्या सूर्याला मिळतात जेमतेम दोन सेंटिमीटर.

हिरव्या गोलाचं काय करायचं यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. तो भरायचा म्हणजे हजारो टाके नुसत्या पार्श्वभूमीसाठी घालायचे. मी सुचवलं की टी-शर्टच गर्द हिरवा घ्या, कापडाचा रंग हाच गोलाचा रंग, आणि कडेला फक्त दोन मिलिमीटरचं पांढरं वर्तुळ ठेवू. नवख्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते: कापडाचा रंग फुकट मिळतो, तो वापरा.

हे करताना 'आपला लोगोच बदलला' असं मालकाला वाटतं आणि ते वाटणं खरं आहे. लोगोत त्याचा जीव असतो. म्हणून मूळ लोगो तसाच ठेवा, बोर्डावर, बिलावर, पिशवीवर तोच वापरा. भरतकामासाठी त्याचं दुसरं रूप करून वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुढच्या वर्षी नव्या मुलांचे शर्ट कराल तेव्हा सगळा घोळ पुन्हा घालावा लागणार नाही.

मराठी नाव

मराठी नाव द्यायला आलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी सांगतात, "मराठी नीट येत नाही, इंग्रजीत घ्या." मला याचं वाईट वाटतं, कारण मराठी अगदी नीट येतं. फक्त त्याला वेगळी मेहनत लागते. भरतकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारी अक्षरं बहुतेक रोमन असतात. त्यांच्यासाठीचे नियम मराठीला लावले की अक्षरं बिघडतात आणि दोष मराठीवर येतो.

उंचीपासून सुरुवात करू. ठळक इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ मिलिमीटर उंचीतही वाचता येतं. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान ७ ते ८ मिलिमीटर धरा आणि वरखाली मात्रांसाठी तेवढीच जागा मिळून सोडा. 'राष्ट्र' किंवा 'ज्ञा' असं जोडाक्षर नावात असेल तर आणखी दोन मिलिमीटर वाढवा. जागा कमीच असेल तर ६० नंबरचा धागा मागा. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. त्याला सुईही बारीक लागते, नेहमीच्या ७५/११ ऐवजी ६५/९.

आता शिरोरेषा. टाक्यांची एक सवय लक्षात ठेवा. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढलं जातं, आणि त्याच्या काटकोनात पट्टी लांब होते. शिरोरेषा आडवी आहे, तिचे टाके उभे पडतात, म्हणजे ती ठरवल्यापेक्षा बारीक होते आणि दोन्ही टोकांना थोडी बाहेर जाते. कान्याचे टाके आडवे पडतात, म्हणून काना बारीक होतो आणि वर-खाली वाढतो. हे सांभाळलं नाही तर प्रत्येक काना शिरोरेषेच्या वर डोकं काढतो आणि नाव करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. यासाठी शिरोरेषा डिझाइनमध्येच ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाड घ्यायची, काना शिरोरेषेच्या पोटातच थांबवायचा, आधी सगळी अक्षरं घालायची आणि शेवटी त्यांच्यावरून शिरोरेषा एका ओढीत न्यायची. सांधे तिच्याखाली झाकले जातात.

एका ओढीत, पण सगळीकडे नाही. माझ्या पहिल्या वर्षातली चूक सांगते. एका कापड दुकानासाठी साठ एप्रन होते, नावात 'वस्त्र भांडार'. मी शिरोरेषा सलग ओढली, सुबक दिसली म्हणून मनातून खूश झाले. एप्रन पोचल्यावर दुकानदारांचा फोन आला. साठच्या साठ एप्रनवर 'वस्त्र मांडार' झालं होतं. भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेच्या त्या छोट्या तुटीतच आहे. ध-घ आणि थ-य यांचंही तसंच. या तीन जोड्यांपैकी काहीही नावात असेल तर ती तूट मोजून किमान एक मिलिमीटर ठेवा आणि सॅम्पलवर सगळ्यात आधी तीच तपासा. ते साठ एप्रन मी स्वखर्चाने नवे करून दिले. त्यातला एक अजून मशीनशेजारी टांगलेला आहे, नव्या कारागिराला मी तो दाखवते.

अनुस्वार दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. कागदावर गोल असलेला ठिपका ओढीमुळे कापडावर अंडाकृती होतो, म्हणून तो टाक्यांच्या दिशेने किंचित रुंद काढावा लागतो. ष, क्ष, श्र यांच्या पोटातल्या फटी मोकळ्या राहतील असं अक्षर निवडा. बोरूने लिहिल्यासारखी, जाड-बारीक होत जाणारी अक्षरं कागदावर मोहात पाडतात, पण त्यांची बारीक टोकं कापडावर नाहीशी होतात. सगळीकडे सारख्या जाडीचं, थोडं गोलसर अक्षर धाग्याला मानवतं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'बलू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट मोफत मिळतात. त्यातला बलू किंवा मुक्तचा ठळक प्रकार मी बऱ्याचदा सुचवते.

फाइल कशी द्यायची

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबला जातो, कडा फाटतात. ज्यांनी लोगो केला त्या डीटीपीवाल्यांकडून मूळ कोरल फाइल किंवा पीडीएफ घ्या आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत बदलून मागा. कोरलमध्ये अक्षरं निवडून कंट्रोल आणि क्यू दाबलं की काम होतं. तसं केलं नाही आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर 'श्री'च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. कर्व्ह केल्यावर शेजारची अक्षरं वेल्ड, म्हणजे एकमेकांत जोडून एक आकार करायला सांगा, म्हणजे शिरोरेषेचे तुकडे न राहता ती एकसंध होते. सोबत कापडाचा रंग, लोगोचं माप आणि जागा लिहून द्या. आणि नाव वेगळं, टाइप करून द्या. जोडाक्षराबद्दल शंका आली तर पंचिंग करणाऱ्याला, म्हणजे लोगोचे टाके ठरवणाऱ्याला, ताडून बघता येतं.

पंचिंग

चित्राचे टाके करण्याच्या कामाला आपल्याकडे पंचिंग म्हणतात. कुठल्या भागात कसला टाका, कुठल्या दिशेने, किती दाट आणि कोणत्या क्रमाने हे सगळं एक माणूस बसून ठरवतो. लोगोचं नशीब इथे ठरतं, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. चित्र टाकलं की आपोआप टाके करून देणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं. साध्या आकाराला ते चालेल, पण भ आणि म यांत तूट किती सोडायची हे त्याला कळत नाही.

टाके मुख्यतः तीन. रनिंग म्हणजे एकेरी धावता टाका, बारीक रेघेसाठी. सॅटिन म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा चमकदार टाका, अक्षरांसाठी आणि किनारीसाठी. साधारण एक ते सात-आठ मिलिमीटर रुंदीपर्यंत तो चांगला बसतो. त्यापुढे लांब टाके सैल पडतात, नखात किंवा बांगडीत अडकतात. मोठी जागा भरायला फिल, त्याला तातामीही म्हणतात. त्यात लांब टाका तोडून ओळी ओळीने बसवतात.

वरचे टाके घालण्याआधी खाली विरळ टाक्यांचा एक थर घालतात, तो अंडरले. घर रंगवण्याआधी भिंतीला अस्तर मारतात तसा. तो कापड मागे लावलेल्या आधाराच्या पेपरला धरून ठेवतो आणि वरचे टाके कापडात रुतू देत नाही. अंडरले न घालता टाके वाचवणारा पंचर (पंचिंग करणारा) भेटला तर त्याच्या कामाच्या कडा दोन धुण्यांत वेड्यावाकड्या होतात. दोन रंग शेजारी येतात तिथे एक रंग दुसऱ्याखाली थोडा सरकवलेला असायला हवा. नाहीतर ओढीमुळे मधून कापड दिसतं, आणि हिरव्या शर्टावर पांढऱ्या गायीभोवती हिरवी फट लगेच नजरेत येते. टोपीसाठी पंचिंग वेगळं असतं. तिथे काम खालून वर आणि मधून कडांकडे नेतात, म्हणजे कापड पुढे ढकललं जात नाही.

फाइलबद्दल दोन गोष्टी. मशीनला बहुधा डीएसटी फाइल लागते. हा प्रकार जपानच्या ताजिमा मशीनचा, आता बहुतेक सगळ्या मशीन तो वाचतात. या फाइलमध्ये फक्त टाके आणि थांबे असतात, धाग्याचा रंग नसतो, त्यामुळे रंगांचा क्रम कागदावर लिहून घ्या. आणि ती दहा टक्क्यांपेक्षा जास्त लहानमोठी करू नका. छातीवरचीच फाइल दाबून टोपीला वापरली की टाके एकमेकांवर चढतात, सुई तुटते, कापडाला भोक पडतं. म्हणून पंचरकडून डीएसटीबरोबर मूळ बदलता येणारी फाइलही मागून घ्या, तो विलकॉम हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिचा प्रकार ईएमबी. ती द्यायला काहीजण नाखूश असतात, पण कामाला सुरुवात होण्याआधीच बोलून ठेवलं तर बहुतेकजण देतात.

कापड, पेपर, धागा

कॉलरच्या टी-शर्टाचं कापड विणीचं असतं, ताणलं जातं. त्याच्या मागे कातरीने कापायचा, कायम राहणारा पेपर लावायला सांगा. फाडून काढायचा पेपर ड्रिल किंवा एप्रनच्या जाड कापडाला ठीक आहे. फ्रेममध्ये टी-शर्ट ताणून बसवला की फ्रेम काढल्यावर कापड परत जागेवर येतं आणि लोगोभोवती चुण्या पडतात. कापड सपाट बसलं पाहिजे, ताणलेलं नको.

टॉवेलचं गाव आमचं, म्हणून हेही सांगते: टर्किश टॉवेलवर लोगो घालताना वरून पाण्यात विरघळणारा पातळ कागद लावतात. तो नसेल तर टाके लवेत बुडतात आणि आठवड्याभरात अक्षरांतून लव वर येते.

रोज धुतल्या जाणाऱ्या गणवेशाला पॉलिस्टर धागाच घ्या. रेयॉनची चमक सुंदर असते, पण ब्लीच आणि कडक धुलाई त्याला सोसत नाही. रंग मोबाइलवरून ठरवू नका. धाग्याचं शेड कार्ड घेऊन दारात, उजेडात या आणि कापडावर ठेवून बघा. धाग्याला चमक असल्याने एकाच रिळाचे आडवे आणि उभे टाके वेगळ्या छटेचे दिसतात. हा दोष नाही, पण माहीत असलं की सॅम्पल बघून दचकायला होत नाही.

सॅम्पल घेतल्याशिवाय हो म्हणू नका

सॅम्पल त्याच कापडावर, त्याच रंगावर, त्याच पेपरसह घ्या. चिंधीवरचं सॅम्पल काही सांगत नाही. नाव एक-एक अक्षर मोठ्याने वाचा, शक्यतो पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. उलटं करून मागची बाजू बघा. सॅटिनच्या पट्टीत मागे मधोमध बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा धागा साधारण एक तृतीयांश दिसला की ताण बरोबर आहे. पुढून पांढरं डोकावत असेल तर वरचा ताण जास्त आहे. मग सॅम्पल दोन-तीन वेळा धुवा आणि इस्त्री उलट्या बाजूने करा. चुण्या पडणार असतील तर इथेच पडतात.

भाव बहुधा हजार टाक्यांवर असतो आणि पंचिंगचे पैसे एकदाच वेगळे. छातीवरचा लोगो साधारण पाच ते दहा हजार टाक्यांत बसतो. टाके बरेच जास्त सांगितले तर कुठला भाग इतका भरीव आहे ते विचारा. बऱ्याचदा ती पार्श्वभूमी असते, आणि तिचा इलाज वर सांगितलाच आहे.

डेअरीच्या लोगोची पहिली दोन सॅम्पल मीच बाद केली. पहिल्यात गायीचं शिंग सूर्याला चिकटलं होतं, दुसऱ्यात नावातल्या 'ध'ची तूट बुजली होती. तिसऱ्यात रुंदी ८५ मिलिमीटर, धागे तीन, पांढरा, पिवळा आणि तपकिरी, टाके साडेसहा हजारांच्या आसपास. मालकांनी शर्ट अंगाला लावला, दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले आणि तिथून मुलाला विचारलं, "वाच बरं काय लिहिलंय?" तो दुसरीत आहे. त्याने वाचलं. चाळीस शर्टांची फ्रेम आम्ही त्याच दुपारी चढवली.